गरम पाण्याच्या कुंडावर जाताय? पाणी सगळ्यांचं आहे, पण आधी एवढं माहीत असू द्या

थंडी पडली की सोशल मीडियावर एका प्रकारचे व्हिडिओ हमखास फिरू लागतात. पहाटेचं धुकं, दगडी पायऱ्या, पाण्यावरून उठणारी वाफ आणि खाली एक ओळ: 'कोकणातला फुकटचा स्पा'. मग कमेंटमध्ये विचारणा सुरू होते. लोकेशन पाठवा, गाडी कुठपर्यंत जाते, लहान मुलांना नेलं तर चालेल का?

यातली 'लोकेशन'ची माहिती लगेच मिळते. लहान मुलांच्या प्रश्नाला मात्र 'हो, बिनधास्त' यापलीकडे उत्तर क्वचितच मिळतं. खरं तर तोच प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे. कारण गरम पाण्याचं नैसर्गिक कुंड म्हणजे हॉटेलातला जलतरण तलाव नव्हे. बऱ्याच कुंडांवर जीवरक्षक नसतो आणि पाणी किती गरम आहे हे सांगणारा फलकही नसतो. ते तापमान कुणी ठरवलेलं नसतं. जमिनीतून जसं येतं तसं ते येतं.

मग अशा ठिकाणी जावं की नाही? जरूर जावं. पण हे पाणी गरम का असतं, कुठे उतरायचं, कुठे नाही आणि ते नेमकं कुणाच्या मालकीचं असतं, हे समजून घेऊन.

ही कुंडं आहेत तरी कुठे?

महाराष्ट्रातले गरम पाण्याचे बहुतेक झरे कोकणात आहेत. उत्तरेला पालघर जिल्ह्यातल्या कोकनेरपासून दक्षिणेला रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूरपर्यंत, ३०० किलोमीटरहून लांब पट्ट्यात सुमारे १८ ठिकाणी हे झरे आढळतात. समुद्र आणि सह्याद्री यांच्या मधोमध एकामागून एक गावं ओवल्यासारखी त्यांची रांग आहे.

मुंबई-ठाण्याच्या लोकांना ओळखीची ठिकाणं म्हणजे तानसा नदीच्या परिसरातली वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी. रायगडमध्ये अष्टविनायकांपैकी एक असलेल्या पालीजवळ उन्हेरे आहे आणि महाडजवळ सावित्रीच्या काठी सव. रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुक्यातलं उन्हवरे, संगमेश्वर तालुक्यातली आरवली, तुरळ आणि राजवाडी, तर राजापूरजवळ उन्हाळे.

या नावांकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे. संस्कृतातल्या 'उष्ण'चं प्राकृतात 'उण्ह' झालं आणि मराठीत 'ऊन'. ऊन पाणी म्हणजे गरम पाणी, हे आजही गावाकडे बोललं जातं. या गावांची ओळखच तिथल्या पाण्यावरून झाली आहे.

कोकणाबाहेरही असे झरे आहेत. जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे, तर नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यात पैनगंगेच्या परिसरात उनकेश्वर. नावात पुन्हा तेच 'ऊन'.

एक गल्लत मात्र नेहमी होते. राजापूरची प्रसिद्ध 'गंगा' आणि उन्हाळ्याचं गरम पाण्याचं कुंड जवळजवळ असली, तरी ती दोन वेगळी ठिकाणं आहेत. गंगा अधूनमधून प्रकट होते आणि काही काळाने आटते. गरम पाण्याचा झरा वर्षभर वाहतो.

पाणी गरम कशामुळे होतं?

'खाली ज्वालामुखी आहे' हे सर्वांत जास्त ऐकू येणारं उत्तर. कोकणासाठी ते चुकीचं आहे. सह्याद्रीचा काळा दगड लाव्हारसापासून बनला हे खरं, पण ते उद्रेक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. त्या लाव्हाची उष्णता केव्हाच निवून गेली.

आजच्या झऱ्यांचं पाणी मुख्यतः पावसाचं आहे. सह्याद्रीच्या उतारांवर पडलेल्या पावसाचा काही भाग खडकांतल्या भेगांमधून खोल, खूप खोल जिरतो. जमिनीत जसजसं खाली जावं तसतसं तापमान वाढतं. सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस. म्हणजे २७ अंशांचं पाणी ७० अंशांपर्यंत तापायचं असेल, तर त्याला साधारण दीड किलोमीटर किंवा त्याहून खोल जावं लागतं.

खोल विहिरीचं पाणीही मग गरम का नसतं? कारण आपल्या विहिरी तेवढ्या खोल नसतात. आणि नुसतं खोल जाऊन भागत नाही, तापलेलं पाणी चटकन वरही यावं लागतं. रेंगाळलं तर ते वाटेतच थंड होतं. कोकणपट्टीत उत्तर-दक्षिण दिशेने खडकांमध्ये मोठ्या भेगा आणि प्रस्तरभंग आहेत. त्यातून तापलेल्या पाण्याला वर यायला सरळ वाट मिळते. झरे एका रांगेत का आहेत, याचं उत्तरही याच भेगांमध्ये आहे.

पाण्याला येणारा कुजक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइड या वायूचा. चांदीचे पैंजण किंवा अंगठी काळी पडते तीही त्याच्यामुळेच. काही कुंडांत तळातून बुडबुडे येताना दिसतात आणि 'पाणी उकळतंय' असं लोक म्हणतात. ते उकळणं नसतं. पाण्याबरोबर वर येणारा वायू बाहेर पडत असतो. उलट बाजूही तितकीच खरी: बुडबुडे नाहीत म्हणून पाणी कोमट असेलच, असं मुळीच नाही.

पाणी किती गरम असतं आणि किती गरम चालतं?

कोकणातल्या झऱ्यांचं तापमान साधारण ३५ ते ७० अंशांच्या दरम्यान नोंदलं गेलं आहे. आरवली, उन्हाळे यांसारख्या ठिकाणी ते चाळिशीच्या आसपास असतं. उन्हवरे आणि तुरळ ही या पट्ट्यातली सर्वांत गरम पाण्याची ठिकाणं, तिथे ते ६० अंशांच्या वर जातं.

३५ आणि ७० या दोन आकड्यांमधला फरक कागदावर छोटा वाटतो. अंगावर तो असा जाणवतो:

• ३७ ते ४० अंश: सुखद ऊन पाणी. निरोगी प्रौढ माणसाला १०-१५ मिनिटं बसता येतं.
• ४० ते ४३ अंश: गरम. थोड्याच वेळात घाम येतो, नाडी वाढते. फार वेळ बसणं धोक्याचं.
• ४८ अंशांच्या आसपास: सुमारे ५ मिनिटांत त्वचा गंभीर भाजू शकते.
• ६० अंश: सुमारे ५ सेकंद पुरेशी.
• ७० अंशांच्या जवळ: जेमतेम एक सेकंद.

हे अंदाज प्रौढांच्या त्वचेचे. लहान मुलांची आणि वृद्धांची त्वचा पातळ असते, ती याहून कितीतरी लवकर भाजते. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ अंशांपासून घट्ट होऊ लागतो. हिमाचलमधल्या मणिकर्णला तर झऱ्याचं पाणी उकळीच्या इतकं जवळ असतं की लंगरासाठी त्यात भात शिजवतात. अशा पाण्यात 'जरा पाय बुडवून बघू' म्हणणं म्हणजे काय, हे यावरून कळावं.

अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी जगप्रसिद्ध आहे. तिथल्या प्रशासनाच्या म्हणण्यानुसार, उद्यानातल्या इतर कुठल्याही नैसर्गिक गोष्टीपेक्षा या झऱ्यांनी जास्त लोकांना जखमी केलं किंवा मारलं आहे. २०१६ मध्ये लाकडी पायवाट सोडून झऱ्याजवळ गेलेला एक तरुण पर्यटक पाण्यात पडून दगावला. तिथल्या झऱ्यांमध्ये उतरायला बंदी आहे. कोकणातलं पाणी तेवढं तापलेलं नाही, आणि इथे आंघोळीची जुनी परंपराही आहे. पण ६० अंशांचं पाणी यलोस्टोनचं असो की उन्हवऱ्याचं, त्वचेला फरक पडत नाही.

झऱ्याचं तोंड वेगळं, आंघोळीचं कुंड वेगळं

कुंडांची जुनी बांधणी पाहिली तर त्यामागचं शहाणपण दिसतं. अनेक ठिकाणी जिथून पाणी वर येतं ती जागा वेगळी बांधलेली असते. तिथून पाणी दुसऱ्या कुंडात सोडतात, ते थोडं निवतं, आणि आंघोळ त्या दुसऱ्या कुंडात होते. काही ठिकाणी तर कुंडात उतरत नाहीतच. बाहेर येणाऱ्या धारेखाली किंवा बादलीत पाणी काढून आंघोळ करतात.

नवखा माणूस नेमकी इथेच चूक करतो. सर्वांत स्वच्छ, नितळ आणि रिकामं दिसणारं कुंड त्याला आवडतं. ते रिकामं असण्याचं कारण बहुधा एवढंच असतं की ते मूळ झऱ्याचं आहे आणि गावातलं कुणीही त्यात उतरत नाही.

म्हणून तिथे पोहोचल्यावर पहिलं काम, थांबून बघणं. गावातली माणसं कुठे आंघोळ करतात? कुणी नसेल, तर जवळच्या दुकानात किंवा मंदिरात विचारायचं. त्यानंतर तांब्याने किंवा मगाने पाणी काढून हाताच्या मागच्या बाजूवर ओतून पाहायचं. तिथेही चटका बसला, तर त्या पाण्यात उतरायचं नाही. थेट हात किंवा पाय बुडवून परीक्षा नको. स्वयंपाकघरात वापरायचा साधा थर्मामीटर जवळ असेल तर प्रश्नच मिटला.

वरचं पाणी कोमट लागलं म्हणून तळाचंही तसंच असेल, असं समजू नये. झरा तळातून येत असेल तर खाली, विशेषतः भेगेजवळ, पाणी बरंच जास्त गरम असू शकतं. काठावरून उडी मारायची नाही, याचं मुख्य कारण हेच. दुसरं कारण शेवाळ. ओल्या, उबदार दगडावर ते बारा महिने असतं आणि घसरून पडण्याचा धोका भाजण्याइतकाच खरा असतो.

कुणी उतरू नये?

गरम पाण्यात बसलं की त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. बसून असेपर्यंत छान वाटतं. एकदम उठलं की डोळ्यांसमोर अंधारी येते. ओल्या पायऱ्यांवर अशी अंधारी येणं म्हणजे काय, हे सांगायला नको. त्यामुळे निघताना आधी काठावर एखादं मिनिट बसावं, मग उभं राहावं.

हृदयविकार असलेल्यांनी, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत शरीराचं तापमान फार वाढणं बाळासाठी घातक ठरू शकतं.

मधुमेहींसाठी धोका वेगळाच आहे. जुन्या मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात. पाणी भाजतंय हे पायाला कळतच नाही, आणि झालेली जखम लवकर भरत नाही. घरातल्या ज्येष्ठांना 'पाय शेका, बरं वाटेल' म्हणून नेणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

दारू पिऊन कुंडात उतरणं तर सर्वांत वाईट. दारूनेही रक्तवाहिन्या रुंदावतात, शरीरातलं पाणी कमी होतं आणि चटक्याची जाणीव बोथट होते.

लहान मुलांबाबत साधा नियम: पाणी तपासलेलं, अंगाला सोसवेल असं असेल तरच, मोठ्या माणसाचा हात धरून आणि काही मिनिटांपुरतं. तान्ह्या बाळांना नकोच.

कुणी भाजलंच, तर लगेच साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं तो भाग धरावा. बर्फ, टूथपेस्ट, तूप, हळद यांपैकी काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखाना गाठावा.

डोकं पाण्याबाहेरच ठेवा

केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये 'मेंदू खाणाऱ्या अमीबा'च्या बातम्या गाजल्या. नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा कोमट ते गरम गोड्या पाण्यात वाढतो, अगदी ४६ अंशांपर्यंत. तो पाणी प्यायल्याने आजार करत नाही. पाणी जोरात नाकात शिरलं, तर नाकावाटे तो मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. आजार अतिशय दुर्मीळ आहे, पण झाला तर बहुतेक रुग्ण वाचत नाहीत.

घाबरून जाण्याचं कारण नाही, कारण बचाव अगदी सोपा आहे. बुडी मारायची नाही, तोंड-नाक पाण्यात घालायचं नाही, तळाचा गाळ ढवळायचा नाही. नाकाने पाणी ओढण्याची जलनेती या पाण्याने मुळीच करायची नाही. हे पाणी पिऊही नये. त्यात खनिजं जास्त असतात आणि पिण्यासाठी ते कुणी शुद्ध केलेलं नसतं.

त्वचारोग खरंच बरे होतात का?

जवळजवळ प्रत्येक कुंडाबद्दल हे सांगितलं जातं. गंधकाच्या पाण्याने खरूज, नायटा जातो; सांधे मोकळे होतात.

यात तथ्याचा अंश आहे. उष्णतेने स्नायू सैल होतात, सांध्यांचा ताठरपणा आणि दुखणं काही काळ कमी होतं. गरम पाण्यात शरीराचं वजनही हलकं होतं, त्यामुळे गुडघ्यांना आराम पडतो. त्वचारोगांवरच्या काही मलमांमध्ये गंधक वापरतात, हेही खरं.

पण मलमातल्या गंधकाचं प्रमाण ठरलेलं असतं. कुंडातल्या पाण्याचं तसं नसतं, आणि वास येतोय म्हणजे औषधाइतकं गंधक आहे, असा अर्थ होत नाही. कोरड्या त्वचेचा किंवा इसबाचा त्रास असणाऱ्यांचा त्रास गरम पाण्याने वाढूही शकतो. शिवाय उघडी जखम किंवा संसर्गजन्य त्वचारोग घेऊन सगळ्यांच्या कुंडात उतरणं म्हणजे आपला आजार दुसऱ्याला देणं. अशांनी पाणी बादलीत घेऊन बाजूला आंघोळ करणं योग्य. आणि चालू असलेली औषधं कुंडाच्या भरवशावर बंद करू नयेत.

हे पाणी नेमकं कुणाचं?

कुंड कुठे देवळाच्या आवारात असतं, कुठे नदीकाठी, कुठे गावठाणात, कुठे वनजमिनीवर. त्याप्रमाणे देखभाल देवस्थानाकडे, ग्रामपंचायतीकडे किंवा वनविभागाकडे असते. पण मुळात पाण्याची मालकी कुणाची?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, ओढे, नाले, तलाव आणि साचलेलं वा वाहतं पाणी, जे कुणा व्यक्तीच्या मालकीचं नाही, ते राज्य सरकारचं असतं. सरकार इथे मनाला येईल तसं वागणारा मालक नाही. बियास नदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केलं की अशा नैसर्गिक संपत्तीचं सरकार हे जनतेच्या वतीने विश्वस्त असतं.

'जनता' या शब्दात सगळे येतात, हे मान्य व्हायला मात्र फार मोठी लढाई द्यावी लागली. ती लढाई ज्या गावात झाली, त्याच्या जवळच सवचं गरम पाण्याचं कुंड आहे. ते गाव म्हणजे महाड.

१९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई विधिमंडळात मांडलेला ठराव मंजूर झाला: सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांनाही खुले करावेत. महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे चवदार तळं कागदोपत्री खुलं केलं. प्रत्यक्षात तिथलं पाणी कुणी घेऊ देत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळभर पाणी घेतलं. त्यानंतर प्रकरण न्यायालयात गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी, दहा वर्षांनी.

पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट सगळ्यांना खुले असल्याचं नमूद झालं. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ च्या कलम ४ मध्ये तर नदी, विहीर, तळं, स्नानघाट यांच्याबरोबर झऱ्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणालाही झऱ्यावर येण्यापासून अडवणं हा गुन्हा आहे.

म्हणजे कुंडावर 'कुणीही यावं' हे आज जितकं सहज वाटतं, तितक्या सहज ते मिळालेलं नाही. आणि ज्यावर सगळ्यांचा हक्क आहे, ते खराब करण्याचा हक्क कुणालाच नाही.

साबण, शाम्पू आणि रिकाम्या बाटल्या

कुंडात साबण लावू नये, असं गावातल्या बायाबापड्या सांगतात. काहींना तो धार्मिक नियम वाटतो. त्यामागे साधं कारण आहे. कुंड म्हणजे मर्यादित पाणी. झरा वाहता असला तरी पूर्ण कुंड बदलायला वेळ लागतो. जलतरण तलावात क्लोरीन असतं, इथे काहीच नसतं. एकाच्या अंगाचा मळ, तेल आणि फेस पुढच्या पन्नास जणांच्या वाट्याला येतो. कुंडातून बाहेर जाणारं पाणी बहुधा ओढ्याला किंवा नदीला मिळतं, म्हणजे साबणही तिथेच जातो.

जपानमध्ये गरम पाण्याच्या कुंडात उतरण्यापूर्वी बाहेर बसून अंग स्वच्छ धुतात आणि मगच पाण्यात जातात. आपल्याकडच्या जुन्या कुंडांवरही बाहेर पाय धुऊन आत जाण्याची रीत होतीच. तीच थोडी वाढवायची: बाहेर बादलीने अंग धुवायचं, साबण लावायचा तर तिथेच, कुंडापासून लांब. डोक्याला तेल, अंगाला लोशन लावून उतरायचं नाही.

निर्माल्य, नाणी, दिवे, जुने कपडे पाण्यात टाकल्याने झऱ्याची भेग बुजू शकते. काचेच्या बाटल्या तर नेऊच नयेत. गढूळ कुंडात फुटलेली काच कुणालाही दिसत नाही आणि सगळे अनवाणी असतात.

मोबाइल खिशात बरा

कुंड सार्वजनिक असलं तरी तिथे आंघोळ करणारी माणसं खासगी क्षणात असतात. अनेक ठिकाणी बायकांसाठी वेगळं, भिंत घातलेलं कुंड असतं. ती भिंत नसती तर अनेक बायकांना तिथे जाताच आलं नसतं. त्या बाजूला मोबाइल वळवणं ही नुसती असभ्यता नाही. अशा जागी आंघोळ करणाऱ्या स्त्रीचं चोरून चित्रीकरण करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा ठरू शकतं. पहिल्याच गुन्ह्याला किमान १ ते कमाल ३ वर्षं कैद आणि दंड आहे. तो व्हिडिओ पसरवणंही त्याच कलमात येतं.

'मागे कोण आहे ते दिसलं नाही' ही सबब तिथे ऐकवायची वेळ येऊ नये. रील करायचाच असेल तर कुंड रिकामं असताना, किंवा चौकटीत येणाऱ्या प्रत्येकाला विचारून करावा. आणि वेगळ्या कुंडांची व्यवस्था 'आम्ही सगळे एकत्र आलोय' म्हणून मोडू नये. गावातल्या बायकांची रोजची सोय एका ग्रुपच्या सहलीमुळे बंद पडणं बरोबर नाही.

कधी जावं, काय न्यावं?

झऱ्याच्या पाण्याचं तापमान वर्षभर साधारण सारखंच असतं, बदलते ती बाहेरची हवा. म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी कुंड सुखद वाटतं आणि मे महिन्याच्या दुपारी तेच नकोसं होतं. पावसाळ्यात वरचं पाणी मिसळून कुंड गढूळ होतं. अनेक कुंडं नदीच्या अगदी काठाला असल्यामुळे पूर आला तर ती पाण्याखालीही जातात. नदी फुगलेली असताना तिथे उतरू नये.

जाताना एवढं जवळ असावं:

• मग किंवा तांब्या, आणि शक्य असेल तर थर्मामीटर
• पंचा किंवा टॉवेल, अंग झाकेल असे सुती कपडे
• न घसरणाऱ्या रबरी चपला
• भरपूर पिण्याचं पाणी
• कचरा परत आणायला पिशवी

चांदीचे दागिने घरीच ठेवावेत. पोटभर जेवून लगेच पाण्यात बसू नये. एकट्याने उतरू नये. १०-१५ मिनिटांनी बाहेर यावं, पाणी प्यावं, थोडं थांबावं. चक्कर, मळमळ किंवा छातीत धडधड जाणवली तर त्या दिवसापुरतं पुरे.

कुंड देवस्थानाच्या आवारात असेल तर तिथले नियम पाळावेत. वनजमिनीतून वाट असेल तर परवानगी लागते का, हे वनविभागाकडे आधी विचारावं. कठडा तुटला असेल, पायरी निखळली असेल तर ग्रामपंचायतीला किंवा देवस्थानाला जाता जाता सांगावं. ज्यांना रोज ती पायरी उतरावी लागते, त्यांच्याही ते उपयोगी पडतं.

आणि परत आल्यावर व्हिडिओ टाकणार असाल, तर लोकेशनबरोबर दोन ओळी जास्त लिहा: कुठल्या कुंडात उतरायचं, कुठल्या नाही, आणि लहान मुलांना नेलं तर चालेल का.